‘बत्तीसचा टाका, ट्रिप होणार नाही’



परवा रात्री मोटर जळाली. विहिरीवरची, पाच एचपीची, मोनोब्लॉक. गहू एकोणीस दिवसांचा आहे, मुकुटमुळं फुटायची वेळ. पहिलं पाणी अठरा ते एकवीस दिवसांत द्या, हे आपल्याला पाठ आहे. माझं पाणी विहिरीत आहे, गहू वर उन्हात आहे आणि मोटर मिस्त्रीकडं उघडून पडली आहे.

सकाळी गेलो तर पेटीजवळच जळका वास. मोटरीला हात लावला तर चटका बसला. लाईन जाऊन तास झाला होता तरी. पेटी उघडली अन् आत काय बघितलं, तर ब्रेकरचा खटका वरच. मोटर जळून कोळसा झाली, पण ब्रेकर ट्रिप झाला नाही. बत्तीस अँपिअरचा, सी कर्व्हचा, थ्री पोल, चांगल्या कंपनीचा. त्यात खराबी काहीच नाही. तो जे करायला बनवलाय तेच त्यानं केलं. चूक ही झाली की तो मोटरचा राखणदार आहे असं समजून मी झोपलो.

त्याच दुपारी दुकानात गेलो. मालकाला सांगितलं तर तो म्हणतो, “दादा, बत्तीसचा होता ना? मग आता चाळीसचा न्या, लोड घेईल.”

हा लेख त्या एका वाक्यावर आहे. आणि ते वाक्य एकट्या दुकानदाराचं नाही. वायरमन तेच म्हणतो, शेजारी तेच म्हणतो, आणि खरं सांगायचं तर चार वर्षांपूर्वी मी पण भावकीतल्या एकाला तेच सांगितलं होतं. “सोळाचा सारखा पडतो का? बत्तीसचा टाक, ट्रिप होणार नाही.” ट्रिप होणार नाही, हे शंभर टक्के खरं. पण ट्रिप होणं हेच त्याचं काम आहे, हे कुणी बोलत नाही. राखणीला कुत्रं पाळायचं अन् ते भुंकतं म्हणून त्याचं तोंड बांधायचं, असला हा प्रकार.

आता आकडे बघा. मला पण ते परवाच नीट समजले, मिस्त्रीच्या दुकानात बसून.

पाच एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट. ४१५ व्होल्ट मिळाले तर मोटर साधारण साडेसात अँपिअर घेते. माझ्या पाटीवर ७.५ लिहिलंय. चालू होताना, डायरेक्ट स्टार्टरवर, त्याच्या सहा-सात पट घेते, म्हणजे ४५ ते ५० अँपिअर, पण तेवढ्यापुरतं, वेग येईपर्यंत. एमसीबीत दोन गोष्टी असतात. एक तापणारी पट्टी, ती सावकाश पाडते. दुसरी चुंबकाची गुंडाळी, ती शॉर्ट झालं की क्षणात पाडते. पट्टीचा नियम असा की ब्रेकरच्या आकड्याच्या १.१३ पट करंटला तो तासभर पडता कामा नये, आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडला पाहिजे. हा नियम आपल्या घरातल्या एमसीबीला पण आहे अन् पेटीतल्याला पण.

बत्तीसला लावा. छत्तीस अँपिअरपर्यंत तो पडणारच नाही. साडेशेहेचाळीसला तासाभरात पडेल. माझ्याकडं झालं काय, तर डीपीवर एका फेजचा फ्यूज गेलेला. रात्री लाईन आली, ऑटोनं मोटर ओढली. दोन फेजवर तीन फेजची मोटर सुरू होत नाही, नुसती घूं घूं करते. अशा वेळी राहिलेल्या दोन तारांतून चाळीसच्या आसपास अँपिअर जातात. व्होल्टेज पडलेलं असलं तर तीस. चाळीसला बत्तीसचा कधी पडावा याचं त्याच्यावर काही बंधन नाही, आणि तीसला तर रात्रभर हलत नाही. मोटरच्या तारेचं वार्निश तोवर थांबतंय होय?

सोळाचा असता तर चाळीस अँपिअरला साधारण मिनिटभरात पडला असता. मोटर कदाचित वाचली असती. पण मंडळी, इथंच खरी मेख आहे. सोळाचा टाकला की झालं, असं म्हणून हा लेख संपत नाही. समजा मोटर नीट चालू आहे आणि चालता चालता एक फेज गेला. मोटर थांबत नाही, दोन फेजवर ओढत राहते, आणि करंट १.७३ पट होतो. साडेसातचे तेरा होतात. सोळाच्या एमसीबीला तेरा म्हणजे काहीच नाही, तो अठरापर्यंत गप्प बसायला बांधलेला आहे. म्हणजे बरोबर मापाचा एमसीबी पण सिंगल फेजिंग ओळखत नाही. कारण एमसीबी वायरीसाठी आहे. वायर जळू नये, शॉर्ट झालं तर आग लागू नये, एवढं त्याचं काम. मोटर वाचवायचं काम ओव्हरलोड रिलेचं, नाहीतर एमपीसीबीचं. एमपीसीबी म्हणजे मोटरसाठीच बनवलेला ब्रेकर, त्याला पुढं एक गोल डायल असतो आणि तो पाटीवरच्या आकड्यावर लावायचा असतो. ६ ते १० अँपिअरचा एमपीसीबी घ्यायचा, डायल साडेसातवर ठेवायचा. चालू मोटरचा फेज गेला तर काही मिनिटांत पाडतो, मोटर अडकली तर दहा-पंधरा सेकंदांत. शॉर्टसर्किटचं पण तोच बघतो.

आता तुम्ही म्हणाल, स्टार्टरात रिले असतोच की. असतो. माझ्या पण होता. दोन वर्षांपूर्वी तो सारखा पडत होता म्हणून मीच वायरमनला म्हणालो, भाऊ, डायरेक्ट करून टाक. त्यानं दोन मिनिटांत केलं आणि पन्नास रुपये घेतले. परवा मोटर भरायचे साडेचार हजार सांगितलेत. बेअरिंग वेगळं.

गावात फिरून या आणि दहा पेट्या उघडून बघा. रिले डायरेक्ट, नाहीतर डायल शेवटच्या आकड्यावर फिरवलेला. सिंगल फेज प्रिव्हेंटर निघून कधीच कोनाड्यात गेलेला, कारण सिंगल फेजच्या वेळेत कंडेन्सर टाकून दोन फेजवर मोटर चालवायची असते आणि प्रिव्हेंटर ती चालू देत नाही. किटकॅटमध्ये फ्यूज वायरच्या जागी ॲल्युमिनियमच्या तारेचा पीळ. या सगळ्याच्या वर मोठा ब्रेकर, चकचकीत. कपाळाला कुंकू अन् पोटात दुखणं.

ऑटोबद्दल पण बोलू. महावितरण दरवर्षी सांगतं की ऑटो काढा, कपॅसिटर बसवा. त्यांचं म्हणणं चूक नाही. ६३ केव्हीएची डीपी पूर्ण लोडला साधारण ८४ अँपिअर देते. लाईन आल्याबरोबर दहा ऑटो एकदम ओढतात, प्रत्येकी ४५ म्हणजे साडेचारशे. डीपी जळणार नाही तर काय होईल? पण रात्री अंधारात विहिरीवर जाऊन खटका कोण दाबणार? आष्टी तालुक्यात २०२० साली बिबट्यानं माणसं मारली, ते आपण विसरलेलो नाही. साप तर रोजचाच. म्हणून ऑटोवाल्याला आळशी म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. ऑटो ठेवायचाच असेल तर वेळ लावता येणारा ठेवा आणि डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून वेळ वाटून घ्या, एकाची दोन मिनिटांनी, दुसऱ्याची चार. आणि ऑटो असेल तिथं फेज बघणारं यंत्र असलंच पाहिजे. माणूस जवळ नसताना मोटर चालू होणार असेल तर राखण दुप्पट पाहिजे. आपण नेमकं उलट करतो, ऑटो लावतो अन् रिले काढतो.

आता जे म्हणतात, “अहो पण खरंच ट्रिप होते, काय करायचं?” त्यांना माझा प्रश्न, कधी ट्रिप होते? चालू करताक्षणी होते का पंधरा मिनिटांनी? दोन्हीचं दुखणं वेगळं आहे.

चालू करताक्षणी पडत असेल तर ब्रेकरचा कर्व्ह चुकलाय. बी कर्व्ह आकड्याच्या तीन ते पाच पटीला झटक्यात पडतो, सी पाच ते दहा पटीला, डी दहा ते वीस पटीला. सी १० घेतला तर तो पन्नासपासून पुढं कुठंही पडू शकतो आणि आपली मोटर सुरुवातीला पन्नासच घेते. पडणारच. सी १६ ऐंशीच्या खाली झटक्यानं पडत नाही. डी १० शंभरच्या खाली पडत नाही. पाच एचपीला या दोनपैकी एक, आणि थ्री पोलच. तीन सुटे सिंगल पोल शेजारी शेजारी लावले तर एक पडतो, दोन राहतात, आणि आपण आपल्या हातानं सिंगल फेजिंग तयार करतो.

पंधरा मिनिटांनी पडत असेल तर दुखणं ब्रेकरमध्ये नाहीच. व्होल्टेज बघा. डीपी लांब, वायर बारीक, सगळ्यांच्या मोटरी एकदम चालू, आणि पाटीवर ४१५ असताना मीटर ३३० दाखवतोय. एवढ्या व्होल्टेजला मोटरची ताकद त्रेसष्ट टक्क्यांवर येते, तिला पाणी तर तेवढंच उचलायचंय, मग ती करंट जास्त ओढते आणि तापते. नाहीतर बेअरिंग गेलंय, पंख्यात गाळ अडकलाय, पॅकिंग आवळून बसवलंय. नाहीतर टर्मिनलचा स्क्रू ढिला आहे आणि त्याच्या उष्णतेनं ब्रेकर तापतोय. उन्हाळ्यात अजून एक गोष्ट. एमसीबीचा आकडा तीस अंश तापमानाला धरलेला असतो. मे महिन्यात बाहेर बेचाळीस, पत्र्याची पेटी दुपारच्या उन्हात, आत पन्नासच्या वर. पट्टी आधीच तापलेली, ती लवकर पडणारच. पेटीवर सावली करा, एक पत्रा आडवा टाका, उत्तरेकडं तोंड करा. आजार हल्याला अन् इंजेक्शन पखालीला देऊन काय होणार?

मोठ्या आकड्याचं अजून एक नुकसान सांगतो, ते मिस्त्रीनं सांगितलं नाही, मी घरी बसून गणित केलं. समजा डीपीपासून विहीर ४०० मीटर आहे आणि १० चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची वायर आहे. एका तारेचा रेझिस्टन्स सव्वा ओहमच्या जवळ, जाऊन येऊन अडीच. मोटरच्या पेटीत दोन फेज एकमेकांना चिकटले तर करंट किती? ४१५ भागिले अडीच, साधारण १६५ अँपिअर. सी १६ ला १६० च्या वर क्षणात पडावंच लागतं. सी ३२ ला ३२० लागतात. म्हणजे शॉर्टसर्किट झाल्यावर पण बत्तीसचा लगेच पडेल याची खात्री नाही, तो सेकंद न् सेकंद ठिणग्या बघत बसेल. ज्या एका कामासाठी एमसीबी आहे ते काम पण आपण आकडा वाढवून त्याच्याकडून काढून घेतलं. आणि दुकानदार सांगतो दहा केएचा घ्या, सहा केएचा नको. अहो, ६३ च्या डीपीच्या तोंडाशी शॉर्ट झालं तरी दोन हजार अँपिअरच्या आसपास येतात. सहा हजारांचा भरपूर झाला. तेवढे पैसे रिलेत घाला.

साडेसात एचपी, दहा एचपीवाल्यांनी पाटी वाचावी. साडेसातला साधारण अकरा अँपिअर, दहाला चौदा-पंधरा. पण स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर रिले बहुतेक वेळा डेल्टाच्या आत बसतो, त्याला पाटीवरच्या आकड्याचा ०.५८ च भाग दिसतो. अकराच्या मोटरीला डायल साडेसहाच्या आसपास पाहिजे. तिथं अकरावर लावला तर तो नावालाच आहे. स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या आकृतीत रिले कुठं आहे ते दिसतं. कपॅसिटर रिलेच्या पुढं, मोटरच्या बाजूला जोडला असेल तर रिलेला करंट कमी दिसतो, तेव्हा क्लॅम्प मीटरनं मोजूनच डायल लावा.

बोअरवाल्यांचं दुखणं वेगळं. सबमर्सिबल पाच एचपीचीच पण नऊ-दहा अँपिअर घेऊ शकते, म्हणून शेजाऱ्याचा आकडा उचलू नका. आणि आष्टी-पाटोद्याकडं बोअर कधी आटेल सांगता येत नाही. पाणी संपलं की पंप कोरडा फिरतो आणि करंट वाढत नाही, कमी होतो. कुठलाही ब्रेकर, कितीही भारी, कमी झालेला करंट बघून पडत नाही. तिथं ड्राय रन बघणारं वेगळं यंत्रच लागतं. सोलरवाल्यांना एकच, पॅनलच्या बाजूला साधा एसीचा एमसीबी लावू नका. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते. डीसीचा येत नाही. डीसीसाठी लिहिलेलाच ब्रेकर लागतो.

आता जिवाचं. पेटीला शॉक येतो, हे आपण इतकं सहज बोलतो की जणू पेटीला मुंगी लागली. “लाकडी काठीनं खटका दाब” असं लेकरांना शिकवतो. बालाघाटातला कोरडा मुरूम, अर्थिंगचा खड्डा वाळलेला, रेझिस्टन्स समजा २० ओहम. पेटीच्या पत्र्याला एक फेज चिकटला तर जमिनीत जातात २४० भागिले २०, म्हणजे बारा अँपिअर, डीपीकडचं अर्थिंग धरलं तर त्याहून कमी. बत्तीसचा पडणार नाही. सोळाचा पण पडणार नाही. एमपीसीबीचं पण खरं नाही. पत्रा जिवंत राहणार आणि पहिला हात लावणारा माणूस किंवा बैल त्याची परीक्षा देणार. याला अर्थ लीकेजचा ब्रेकर लागतो, माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा. आणि तो बसवला की दोन दिवसांत फोन येतो, “सारखा पडतो हो, काढून टाकू का?” पडतो कारण विहिरीतली केबल सोललेली आहे. केबल बदला. तो सांगतोय ते ऐका तरी.

आता माझी दोन भांडणं. पहिलं, पेट्या विकणाऱ्यांशी. शेतकऱ्याच्या मोटरीचा एचपी विचारल्याशिवाय, पाटीचा फोटो बघितल्याशिवाय ब्रेकर विकू नका. मेडिकलवाला चिठ्ठी बघतो, तुम्ही पाटी बघा. ट्रिप होत नाही हा गुण म्हणून सांगणं बंद करा.

दुसरं, आपल्या कृषी पदवीधर मित्रांशी, कारण हे पान ते पण वाचतात. तुमच्या वेळापत्रकात बीजप्रक्रिया आहे, माती परीक्षण आहे, फवारणीचा मिली-मिलीचा हिशोब आहे. गव्हाचं मुकुटमुळाचं पाणी, हरभऱ्याचं फुलोऱ्याआधीचं पाणी, सगळं तारखेनिशी आहे. पण ते पाणी ज्या पेटीतून येतं तिची एक ओळ नाही. आणि नेमकं त्याच आठवड्यात सगळ्यांचं पाणी एकदम चालू होतं, व्होल्टेज पडतं, डीपीचे फ्यूज जातात, मोटरी जळतात. मिस्त्रीच्या दुकानात माझ्या आधी सहा मोटरी रांगेत आहेत, सगळ्या रब्बीच्या. रब्बीच्या पेरणीआधी एक दिवस स्टार्टर, रिले, अर्थिंग बघायचा, असं तुम्ही लिहून द्या. वायरमनचं काम आहे म्हणून सोडू नका. पाणी चुकल्यावर उतारा घटला की प्रश्न तुम्हालाच विचारला जातो.

कुणी म्हणेल, साडेसात एचपीपर्यंतचं बिल २०२४ पासून सरकारनं माफ केलंय, आता कशाला रडतो? खरंय, बिल माफ झालं. मोटर भरायचं बिल कोण माफ करणार? पाच एचपीची एक मोटर भरायला जे जातात त्यात एमपीसीबी येतो आणि वर चहाला उरतात. आपण दर दोन वर्षांनी मोटर भरतो आणि एमपीसीबी महाग आहे म्हणतो.

मोटर उद्या संध्याकाळी मिळेल म्हणालाय मिस्त्री. त्याच्याकडूनच ६ ते १० चा एमपीसीबी आणि फेज बघणारं यंत्र मागवलंय, अर्थ लीकेजचा दुकानातून घेतला. बत्तीसचा काढून घरी आणलाय. भावकीतल्या त्या माणसाकडं पण जायचंय, चार वर्षांपूर्वी त्याला जे सांगितलं ते परत घ्यायला. त्याची मोटर अजून चालू आहे. या आठवड्यात लाईन रात्रीचीच आहे, म्हणून आधी तिकडं जातो, मग गव्हाचं बघतो.